आवाज का फाटला? जुन्या डिजिटल ध्वनिपरिवर्तकाची साधनचिकित्सा

१/
ऐतिहासिक साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोडी कागदांची दप्तरे, ताम्रपट, नाणी, शिलालेख उभे राहतात. १९८१ साली जपानमध्ये बाजारात आलेला धातूचा एक चौकोनी डबा सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्याचे नाव सोनी पीसीएम-एफ१. आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणे, एवढेच त्याचे काम. ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ मैफली, मुलाखती आणि क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे अशाच यंत्रांतून टेपवर उतरली. आज अशी एखादी टेप लावली आणि आवाज फाटका, चरचरीत आला, तर दोष कोणाचा मानायचा? आजचा धागा या एका प्रश्नावर आहे.

२/
प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचे गांभीर्य बखरींच्या अभ्यासकाला चटकन कळेल. मूळ प्रत नष्ट झाली आणि हाती फक्त नक्कल उरली, की नक्कलकाराने चुकीचे वाचलेले अक्षर हेच ‘अस्सल’ अक्षर होऊन बसते. पुढचा नक्कलकार तेच उतरवतो. ध्वनीचेही तसेच आहे. बिघडलेल्या यंत्रातून टेपची प्रत काढली, तर यंत्राची खरखर त्या प्रतीचा भाग होते. काही वर्षांनी मूळ टेप वाजेनाशी झाली, की गायकाचा गळा बसला होता की कपॅसिटर सुकला होता, हे सांगायला साक्षीदार उरत नाही.

३/
वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान द्यावा आणि पत्रही पारखून घ्यावे, ही शिस्त त्या परंपरेने आपल्याला दिली. साधनाची बहिरंग परीक्षा म्हणजे कागद, शाई, शिक्का, हस्ताक्षर. अंतरंग परीक्षा म्हणजे मजकूर काय सांगतो आणि तो विश्वसनीय आहे का. फाटक्या आवाजाचे निदान करतानाही हाच क्रम चालतो. त्यासाठी आधी हे यंत्र कोणत्या अडचणीतून जन्माला आले, ते पाहू.

४/
१९३७ साली ॲलेक रीव्हज हा इंग्रज अभियंता पॅरिसमध्ये दूरध्वनीच्या प्रश्नावर काम करत होता. लांब पल्ल्याच्या तारेवर आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत तो पुनःपुन्हा मोठा करावा लागतो. पण प्रत्येक टप्प्यावर आवाजाबरोबर खरखरही मोठी होते आणि साचत जाते. रीव्हजने तोडगा काढला तो असा: आवाजाची लाट पाठवूच नये, ठरावीक क्षणांना तिची उंची मोजून केवळ तो आकडा पाठवावा. आकडा ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोनच खुणांत लिहिला, तर प्रत्येक ठाण्यावर तो नव्याने, स्वच्छ लिहिता येतो. हेच पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजे पीसीएम.

५/
रीव्हजची कल्पना काळाच्या पुढे होती. तेव्हाच्या निर्वात नळ्यांना ती परवडणारी नव्हती. पैशाची पर्वा न करता ती वापरली युद्धाने. बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या ‘सिगसॅली’ या गुप्त दूरध्वनी यंत्रणेवरून १५ जुलै १९४३ रोजी वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात संभाषण सुरू झाले. लंडनचे यंत्र ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात होते. एका ठाण्याच्या यंत्रसामग्रीचे वजन ५० टनांहून अधिक. आवाजाच्या मोजणीसाठी तिच्याकडे पायऱ्या मात्र अवघ्या ६! बोलणे कळे, पण बोलणाऱ्याचा आवाज ओळखणे अवघड जाई. ही सारी हकिकत १९७६ पर्यंत गुप्त राहिली.

६/
६ हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास हा पायऱ्या वाढवण्याचा इतिहास आहे. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेने १९६७ साली १२ बिटांचे, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांचे, मोनो ध्वनिमुद्रण यंत्र केले. १९६९ साली १३ बिटांचे स्टिरिओ यंत्र आले. १९७२ साली डेनॉन कंपनीने १३ बिटांच्या ८ मार्गिका असलेले यंत्र उभारले आणि त्यावर टोकियोत स्मेटाना चौकडीचे मोझार्ट-वादन मुद्रित झाले. एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट होतात. १४ बिटांना १६,३८४ आणि १६ बिटांना ६५,५३६.

७/
इतके आकडे साठवायचे कुठे? सेकंदाला दहा लाखांहून अधिक बिट नोंदवू शकेल अशी स्वस्त वस्तू सत्तरच्या दशकात एकच होती: व्हिडिओ टेप. मग अभियंत्यांनी आवाजाचे आकडे चित्राच्या रूपात मांडले. अशी टेप साध्या टीव्हीवर लावली तर पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची लुकलुकती जाळी दिसते. चित्राच्या एका रेषेत ३ सॅम्पल, एका फील्डमध्ये कामाच्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड. ३ × २४५ × ६० = ४४,१००. युरोपीय पद्धतीत ३ × २९४ × ५० = ४४,१००. सीडीचा प्रसिद्ध ४४.१ किलोहर्ट्झ हा आकडा असा टीव्हीच्या पोटातून आला.

८/
सोनीने १९७७ साली पीसीएम-१ हे घरगुती यंत्र काढले; ते बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरला जोडायचे. १९८१ साली आले उचलून नेता येईल असे पीसीएम-एफ१. त्यावर एक खटका होता: १४ बिट किंवा १६ बिट. १४ बिट हा जपानी उद्योगसंघटनेने ठरवलेला प्रमाण साचा. १६ बिट हवे असतील तर जास्तीचे बिट ठेवायला जागा हवी, आणि ती जागा चूक-दुरुस्तीसाठी राखलेल्या दोन शब्दांपैकी एक काढून मिळवली होती. आवाज अधिक बारीक, पण संरक्षण निम्मे. १९८१ सालच्या या सौद्याचे परिणाम आज टेप वाजवताना भोगावे लागतात. त्याकडे पुढे येऊ.

९/
१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा सीडी प्लेअर विक्रीला आला. सीडीवर १६ बिट होते, पण १६ बिट अचूक वाचणारी परिवर्तक चिप स्वस्तात घडवणे ही तेव्हा मोठीच मुश्कील होती. सोनीने एकच परिवर्तक ठेवून तो डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीने वापरला. फिलिप्सने १४ बिटांची टीडीए१५४० चिप घेतली आणि आकडे चौपट वेगाने फिरवून, गणिताच्या बळावर ती १६ बिटांच्या तोडीला आणली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधल्या आर्कॅमच्या ‘ब्लॅक बॉक्स’सारखे स्वतंत्र परिवर्तक बाजारात आले. आज ज्याला सरसकट ‘डॅक’ म्हणतात, तो हाच डबा.

१०/
आता निदानाकडे वळू. समोर ऐंशीच्या दशकातला एक डॅक आहे आणि आवाज फाटतो आहे. पहिला प्रश्न: आवाज मोठा असताना फाटतो की बारीक असताना? डिजिटल ध्वनीच्या साऱ्या निदानाची किल्ली या एका प्रश्नात आहे. जुन्या ग्रामोफोनची किंवा रेडिओची सवय असलेला कान गृहीत धरतो की आवाज चढला की फाटणार. डिजिटल परिवर्तकात नेमके उलटे घडू शकते: तान स्वच्छ आणि तंबोऱ्याची विरत जाणारी आस चरचरीत. ही दोन लक्षणे दोन वेगळ्या रोगांची आहेत.

११/
आवाज मोठा असताना फाटत असेल तर संशय आकड्यांवर घेऊ नये. आकडे आवाजात बदलल्यानंतरचा जो ॲनालॉग भाग असतो, त्यातील ऑप-ॲम्पना सहसा अधिक आणि उणे असे दोन वीजपुरवठे लागतात, बहुधा १२ किंवा १५ व्होल्टचे. त्यातला एक खचला की लाटेची एक बाजू कापली जाते. ऑसिलोस्कोपवर डोंगराचा माथा छाटल्यासारखा दिसतो. ऑसिलोस्कोप नसला तरी साध्या मल्टिमीटरने दोन्ही पुरवठे मोजता येतात. दोन आकड्यांत ठळक तफावत दिसली, तर दुखणे बहुतेक तिथेच सापडते.

१२/
पुरवठा खचतो कशाने? पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरने. त्याच्या आत ओलसर द्रव असतो. तो वर्षानुवर्षे सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो आणि तो भाग आपले काम करेनासा होतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा ठोकताळा. म्हणून गरम होणाऱ्या रेग्युलेटरच्या शेजारचे कपॅसिटर आधी तपासावेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या, पाटीवर चपटे बसवलेल्या छोट्या कपॅसिटरांतून तर द्रव बाहेर झिरपतो आणि तांब्याच्या वाटा खातो. कागदाला वाळवी लागावी, तसेच हे.

१३/
आवाज बारीक असताना फाटत असेल तर गोष्ट अधिक रंजक आहे. शिडी पद्धतीचा परिवर्तक म्हणजे तराजू समजा. आपल्या जुन्या वजनांत शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक अशी प्रत्येक पायरीला निम्मी होत जाणारी मापे होती. १६ बिटांच्या परिवर्तकात अशीच निम्मी-निम्मी होत जाणारी १६ वजने असतात, ती विद्युत्प्रवाहाची. आलेला आकडा सांगतो, कोणती वजने पारड्यात टाकायची आणि कोणती काढायची. सेकंदाला ४४,१०० वेळा ही मांडामांड चालते.

१४/
आता नेमक्या मध्यावर, म्हणजे शांततेच्या रेषेवर, काय होते ते पाहा. त्या रेषेच्या किंचित खाली सर्वांत मोठे वजन बाहेर असते आणि उरलेली १५ वजने पारड्यात. एक पायरी वर जायचे तर ती १५ सारी काढायची आणि मोठे वजन एकटे टाकायचे. दोहोंतला फरक नेमका एका सर्वांत लहान वजनाएवढा हवा. मोठे वजन ३२,७६८ पायऱ्यांचे. त्यात लाखात दीड भाग इतकी चूक झाली, तरी मधली पायरी अर्ध्याने चुकते. इतकी बारीक अचूकता ४० वर्षे टिकवायची, ही अपेक्षाच कठोर आहे.

१५/
प्रत्येक ध्वनिलाट ही रेषा ओलांडूनच वरखाली होते. मोठ्या आवाजात ती चुकलेली पायरी दडून जाते. बारीक आवाजाचे सारे आयुष्य मात्र त्याच रेषेभोवती जाते. कमाल पातळीच्या हजारांश, म्हणजे उणे ६० डेसिबल, एवढ्या स्वराला १६ बिटांत रेषेच्या वर सुमारे ३३ आणि खाली सुमारे ३३ पायऱ्या मिळतात. १४ बिटांत तर वर ८ आणि खाली ८. त्यातली मधलीच पायरी चुकीची असेल, तर स्वर विरताना ऐकू येणारी चरचर कुठून येते हे निराळे सांगायला नको.

१६/
ही दुर्बलता त्या काळच्या अभियंत्यांना ठाऊक होती. अमेरिकेतील टूसॉन येथील बर-ब्राउन कंपनीच्या पीसीएम५६ या १६ बिटांच्या चिपला सर्वांत मोठे वजन बाहेरून जुळवण्याची सोय दिलेली होती. त्या जागी काही यंत्रांत एक इवलासा फिरवता येणारा रोध, म्हणजे प्रीसेट, बसवलेला दिसतो. १८ बिटांच्या पीसीएम५८ मध्ये वरच्या चार वजनांसाठी अशी सोय होती. पुढे पीसीएम६३ मध्ये शांततेच्या रेषेवर सारी वजने एकदम बदलावीच लागू नयेत, अशी रचना आली. दुखणे जुळवत बसण्याऐवजी त्याचे कारणच काढून टाकले गेले.

१७/
युरोपात वेगळी वाट निघाली. फिलिप्सच्या रूडी व्हॅन डी प्लाशे याने विचार केला: दोन वजने तंतोतंत सारखी घडवता येत नसतील तर ती सतत अदलाबदल करत वापरावीत, म्हणजे सरासरीत चूक मिटेल. टीडीए१५४१ या गाजलेल्या चिपचा पाया हाच. पण सरासरी गुळगुळीत राहावी म्हणून त्या चिपभोवती १४ छोटे कपॅसिटर लागतात. त्यातला एखादा निकामी झाला की त्या वजनाची अदलाबदल आवाजात झिरपते. म्हणजे पाटीवर प्रीसेट आहे की १४ कपॅसिटरांचा घोळका आहे, एवढ्यावरून यंत्राची घराणी ओळखता येतात आणि दोष कुठे शोधायचा तेही ठरते. ही झाली बहिरंग परीक्षा.

१८/
यावर ‘प्रीसेट फिरवून पाहू’ असा मोह होतो. तो आवरावा. आधी त्याच्या मूळ जागेची खूण करावी, छायाचित्र घ्यावे, यंत्र अर्धा तास तापू द्यावे. मग उणे ६० डेसिबलचा शुद्ध स्वर वाजवून ऑसिलोस्कोपवर लाटेचा मध्य पाहावा. तिथे खाच किंवा उडी दिसली तरच हात लावावा. जीर्ण कागदाची घडी उलगडण्यापूर्वी तिची नोंद करतात, ते उगाच नव्हे. एकदा उलगडली की मूळ घडी परत मिळत नाही.

१९/
आता अंतरंग परीक्षा. समजा, यंत्र निर्दोष ठरले आणि तरी बारीक आवाज चरचरतो. तर ही विकृती टेपमध्येच, १९८० च्या दशकातच लिहिली गेली असण्याची शक्यता आहे. आवाजाची उंची दोन पायऱ्यांच्या मध्ये पडली तर ती जवळच्या पायरीवर बसवावी लागते. मोठ्या आवाजात या चुका विस्कळीत असतात, म्हणून त्या हलक्या सळसळीसारख्या वाटतात. बारीक आवाजात त्याच चुका स्वराच्या तालावर पडू लागतात आणि त्यांची विकृती होते. हा बिघाड नाही. पायऱ्यांनी आवाज मोजण्याची ती किंमत आहे.

२०/
तिच्यावरचा उपाय चमत्कारिक वाटेल: मोजण्यापूर्वी आवाजात थोडी खरखर मुद्दाम मिसळायची! तिला डिथर म्हणतात. खरखरीमुळे आकडा कधी वरच्या, कधी खालच्या पायरीवर बसतो. चुकांचा स्वराशी असलेला ताल मोडतो आणि एका पायरीहून बारीक स्वरही ऐकू येतो. लॉरेन्स रॉबर्ट्स याने १९६२ साली हे तत्त्व चित्रांसाठी मांडले होते. ध्वनीसाठी त्याचे काटेकोर विवेचन कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या व्हँडरकोय आणि लिपशिट्झ या जोडीने १९८४ साली केले. तोवर बरीच डिजिटल ध्वनिमुद्रणे होऊन गेली होती.

२१/
म्हणून विकृतीचेही कालनिर्णय होतात. लाटेच्या मध्यावर खाच असेल आणि ती याच यंत्रावर प्रत्येक टेपला दिसत असेल, तर दोष आजच्या यंत्राचा. तीच विकृती एकाच टेपला, पण कोणत्याही यंत्रावर दिसत असेल, तर ती मुद्रणकाळची. म्हणजे कसोटी साधी आहे: तीच टेप दुसऱ्या यंत्रावर, आणि दुसरी टेप त्याच यंत्रावर. दोन स्वतंत्र साधनांची साक्ष जुळते का, हे पाहण्याची इतिहासकाराची जुनी रीत. पहिली विकृती दुरुस्त करावी. दुसरी जपावी, कारण ती त्या मुद्रणाचे हस्ताक्षर आहे.

२२/
तिसरे लक्षण म्हणजे तडतड: अधूनमधून फटके, मध्येच क्षणभर शांतता. यात परिवर्तकाचा दोष क्वचितच असतो. टेपवरचे आकडेच नीट वाचले जात नाहीत. यंत्र आधी चूक दुरुस्त करते; ते जमले नाही तर मागच्यापुढच्या सॅम्पलवरून अंदाज बांधते; तेही जमले नाही तर गप्प बसते. इथे तो १४-१६ चा खटका आठवा. १६ बिटांवर मुद्रित टेपला दुरुस्तीचा एकच शब्द असल्याने ती आधी तडतडू लागते. उपाय: व्हिडिओ रेकॉर्डरचे हेड साफ करणे आणि ट्रॅकिंग जुळवणे. डॅक उघडून काही साधत नाही.

२३/
काही गोष्टी दोष वाटतात, पण दोष नसतात. आवाज अकारण कर्कश लागत असेल तर मुद्रणाच्या वेळी प्री-एम्फसिस, म्हणजे उच्च स्वर मुद्दाम चढवण्याची रीत, वापरली असेल आणि वाजवताना ते उतरवले गेले नसतील. स्टिरिओ नीट, पण मोनो केला की आवाज मंद होत असेल, तर एकच परिवर्तक दोन्ही बाजूंना वापरल्याची ती खूण. दोन बाजूंत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचे अंतर पडते आणि २० किलोहर्ट्झला सुमारे २.४ डेसिबलची घट होते. अमेरिकी-जपानी टीव्ही पद्धतीच्या एफ१ टेपवर वेग ४४,०५६ असतो. ती ४४,१०० ने वाजवली तर स्वर हजारांश भागाने चढतो.

२४/
प्रत्यक्ष हाताळणीचा क्रमही सांगतो. जपानच्या घरगुती बाजारासाठी घडलेले यंत्र १०० व्होल्टचे असते; आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते थेट लावले तर निदानाची गरजच उरणार नाही. योग्य ट्रान्सफॉर्मर वापरावा. झाकण काढण्यापूर्वी वायर काढावी आणि मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करावी. मग क्रमाने: जोडण्या, पुरवठे, कपॅसिटर, आणि सर्वांत शेवटी परिवर्तक चिप. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवावी. उद्याच्या अभ्यासकाला ती नोंद टेपइतकीच मोलाची वाटेल.

२५/
यंत्र सुधारणारच नसेल तर? तेव्हा एफ१चा एक जुना उणेपणा आड येतो. त्याला डिजिटल आउटपुट नव्हतेच. आकडे बाहेर काढायचे तर त्याच्या स्वतःच्या परिवर्तकातून, आवाज होऊनच. पण त्याच साच्याच्या टेपा वाचणाऱ्या पुढच्या पीसीएम-६०१ईएसडी यंत्राला डिजिटल आउटपुट आहे. त्यातून गेले तर जुना परिवर्तक वाटेतच येत नाही, आकडे जसेच्या तसे संगणकात उतरतात. अलीकडे तर ती ठिपक्यांची व्हिडिओ-जाळीच संगणकात घेऊन सॉफ्टवेअरने आकडे वाचले जातात. नकलेची नक्कल सोडून थेट मूळ पोथीकडे जावे, तसे हे आहे.

२६/
मग तो डबा भंगारात काढावा का? अजिबात नाही. टेपमधले आकडे सांगतात काय नोंदले गेले. त्या काळच्या श्रोत्याने काय ऐकले, हे त्या डब्यावाचून कळत नाही. पहिली सीडी घरी आणणाऱ्या माणसाला डिजिटल आवाज कोरडा किंवा कर्कश का वाटला असेल, याचे उत्तर त्या पिढीच्या परिवर्तकांत आणि त्यांच्या चाळण्यांत दडलेले आहे. ग्रंथाचा मजकूर छापून झाला म्हणून हस्तलिखित टाकून देत नाहीत.

२७/
वेळ मात्र थोडा आहे. सोनीने २००२ साली बीटामॅक्स रेकॉर्डर बनवणे थांबवले आणि मार्च २०१६ मध्ये बीटामॅक्स कॅसेटही बंद केली. यंत्रे दुरुस्त करणारे हात म्हातारे झाले आहेत, सुटे भाग जुन्या यंत्रांतून काढावे लागतात. ध्वनिसंग्रहालयांच्या आयएएसए या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या टीसी-०४ या मार्गदर्शिकेत अशा व्हिडिओवरील पीसीएम टेपांचा विचार केला आहे, कारण डिजिटल आहे म्हणून ते टिकेल, ही समजूत कधीच कोसळली आहे. आकडा अमर असेल. तो वाचणारी वस्तू मर्त्य आहे.

२८/
थोडक्यात: मोठा आवाज फाटतो तेव्हा वीजपुरवठा पाहा. बारीक आवाज फाटतो तेव्हा मोठे वजन पाहा. तडतड असेल तेव्हा टेप पाहा. आणि एकाच टेपला सर्वत्र तीच चरचर असेल तेव्हा १९८० चे दशक तुमच्याशी बोलते आहे, त्याला गप्प करू नका. नव्वद वर्षांपूर्वी रीव्हजने खरखर साचू नये म्हणून आवाजाचे आकडे केले. ते आकडे पुन्हा आवाज होताना नवी खरखर मिसळू न देणे, ही आता आपल्या पिढीची जबाबदारी आहे.

तुमच्या घरी, शाळेत किंवा गावच्या ग्रंथालयात जुन्या ध्वनिमुद्रणाच्या टेपा असतील, तर त्या कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या साली झाल्या, एवढे तरी त्यांच्या डब्यांवर आजच लिहून ठेवा. धागा समाप्त.